टोमॅटोचा साधा पास्ता सॉस : घरच्या पातेल्यापासून लेबल लावलेल्या बरणीपर्यंत

२०२३ च्या फेब्रुवारीत मी घरी केलेल्या पास्ता सॉसच्या बरण्या विकायचं ठरवलं आणि दिवाळीच्या जरा आधी पहिल्या रीतसर लेबल लावलेल्या बरण्या घराबाहेर पडल्या. मधले सगळे महिने रजिस्ट्रेशन, लॅब, लेबल, वजनमापं यात गेले. तेव्हा मला मराठीत सलग वाचायला मिळेल असं कुठे काही सापडलं नव्हतं, प्रत्येक गोष्ट दहा ठिकाणी विचारत बसावी लागली, म्हणून हे लिहितेय. फी, कागद, किती थांबावं लागलं, सगळं देते, पण आधी सॉसबद्दल, कारण बरणीत काय भरलंय यावरच पुढचे सगळे कागद ठरतात.

फेब्रुवारीत पुण्यात टोमॅटो चांगला मिळतो आणि परवडतोही. मी मार्केट यार्डातून क्रेटच आणायचे, शेजारणीत वाटून घ्यायचे. गोल, पातळ सालीचे गावठी टोमॅटो साराला छान पण सॉसला त्यांचं पाणीच फार निघतं, त्यामुळे लांबट, घट्ट, जाड गराचे आणि पूर्ण लाल झालेले निवडून घ्यायचे. अर्धवट पिकलेले असतील तर दोन-तीन दिवस टोपलीत बाहेरच ठेवायचे, फ्रिजमध्ये नाही. मग प्रत्येकाच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, लगेच गार पाण्यात, साल हाताने निघून येते.

बियांचं मात्र नीट वाचा. बऱ्याच रेसिपीत बिया आणि त्याभोवतीचा बुळबुळीत गर पिळून टाकायला सांगतात, मी ते करत नाही. टोमॅटोची जी भरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव असते ती ग्लुटामेटमुळे येते आणि ते गरापेक्षा त्या बुळबुळीत भागात जास्त असतं. मी तो भाग गाळणीत घालून चमच्याने दाबून रस काढून घेते आणि कोरड्या बिया तेवढ्या टाकते. या एका गोष्टीने सॉसमध्ये जो फरक पडतो तो कुठल्याही मसाल्याने पडत नाही.

दोन किलो टोमॅटोला तीन मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल, मीठ, बेसिलची एक काडी पानांसकट. पातेलं पसरट घ्या, उभं नको, पाणी पटकन उडायला हवं. झाकण न ठेवता मध्यम आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मधूनमधून ढवळायचं. झालं कसं ओळखायचं, तर लाकडी चमचा बुडावरून ओढला की मागे रेघ क्षणभर दिसली पाहिजे आणि बशीत थेंब टाकला तर भोवती पाणी सुटायला नको. दोन किलोचा साधारण किलोभर सॉस होतो, टोमॅटो फार रसाळ असतील तर त्याहून कमी.

सासूबाईंनी पहिल्यांदा चाखून सांगितलं, "आंबट आहे गं, थोडा गूळ टाक की." आमच्याकडे आमटीत गूळ असतोच, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं, पण या सॉसमध्ये गूळ किंवा साखर वेगळी लागते, वर गोड आणि खाली आंबट असं काहीतरी होतं. त्यापेक्षा सोललेलं अख्खं गाजर सॉसबरोबर शिजू द्यायचं आणि शेवटी काढून टाकायचं. नाहीतर इटलीतल्या घरांमध्ये करतात तसं, कांद्याचे दोन अर्धे भाग आणि चांगला लिंबाएवढा लोण्याचा गोळा सॉसमध्ये घालून मंद आचेवर शिजवायचं आणि मग कांदा काढून टाकायचा. लोण्यातला स्निग्धपणा आंबटपणाची धार मोडतो. फोडणी नाही, लसूण नाही, तरी इतकं छान लागतं की सासूबाईंनी तो सॉस पोळीला लावून खाल्ला.

हा साधा सॉस डब्यात असला की त्याला दर वेळी वेगळं रूप देता येतं, आणि मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पास्त्याचं पाणी. १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि त्यात १० ग्रॅम मीठ, पास्ता पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दीड-दोन मिनिटं आधीच काढायचा आणि वाटीभर ते गढूळ पाणी बाजूला ठेवून पास्ता सॉसमध्येच शेवटचा शिजवायचा, पाणी थोडं थोडं घालत. त्या पाण्यात उतरलेला स्टार्च तेल आणि टोमॅटो धरून ठेवतो, सॉस पास्त्याला चिकटतो, ताटलीत खाली पाणी जमत नाही. क्रीम किंवा काजूची पेस्ट न घालता सॉस दाट होतो. काजू पेस्ट वाईट नाही पण ती घातली की सगळ्याची चव मखनी ग्रेव्हीकडे जाते असं माझं स्पष्ट मत आहे. दाटपणाला दाण्याचं काही हवंच असेल तर अक्रोड कोरडे भाजून जाडसर कुटून घाला, तो किंचित कडवटपणा टोमॅटोला शोभतो.

तिखट हवं तर अराबियाता, रोम आणि आजूबाजूच्या भागातला. गार तेलातच लसणाचे पातळ काप टाकून मंद आचेवर तापवायचे, सोनेरी झाले की सुक्या लाल मिरचीचे तुकडे आणि लगेच सॉस. आपल्या फोडणीसारखं कडकडीत तेल इथे नको, लसूण करपला की पूर्ण पातेलं कडू होतं. वांगं आवडणाऱ्यांनी सिसिलीतल्या कातानियाचा पास्ता अल्ला नोर्मा करून बघावा : वांग्याचे काप मीठ लावून निथळून, तळून सॉसमध्ये, वरून बेसिल आणि खारवलेला सुका रिकोटा. आपल्याकडे तो रिकोटा सहज मिळत नाही, मी घट्ट दाबलेलं पनीर मीठ चोळून दोन दिवस फ्रिजमध्ये उघडं ठेवते आणि किसते. भरताचं मोठं जांभळं वांगं यासाठी एकदम योग्य. मुलांसाठी वाफवलेला लाल भोपळा सॉसमध्येच घोटून टाकते. आणि अख्खे मसूर मऊ पण अख्खेच राहतील असे शिजवून, बारीक चिरलेला कांदा-गाजर-सेलरी तेलात मंद परतून सॉसबरोबर अर्धा तास रटरटवले तर खिम्याच्या रागूची, म्हणजे इटलीतल्या मटणाच्या दाट सॉसची, भूक बऱ्यापैकी भागते. सेलरी मंडईत परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर मिळते, जुडी मोठी असते, उरलेली चिरून फ्रीजरमध्ये टाका.

चीजबद्दल एक गोष्ट शाकाहारी घरांनी माहीत करून घ्यावी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम, वापरूनच करतात, नियमच तसा आहे. आमच्याकडे ते चालत नाही, म्हणून पाकिटावर हिरवा ठिपका किंवा मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं बघून घेते. आणि बेसिलसाठी नर्सरीत दीडशे रुपये द्यायची गरज नाही, वाण्याकडचा फालुद्यातला सब्जा म्हणजे गोड बेसिलचंच बी आहे. कुंडीत पेरा, वर अगदी पातळ मातीचा थर द्या, ऊन भरपूर हवं. वास इटालियन जातीपेक्षा थोडा बडीशेपेकडे जातो पण सॉसमध्ये मस्त लागतो.

आता कागदांकडे येते. फेब्रुवारीच्या शेवटी सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी पैसे देऊन बरण्या मागितल्या. ओळखीतल्यांना विकायला कशाला लायसन्स, असं सगळे म्हणत होते, पण खायची वस्तू पैसे घेऊन विकायची तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागतंच, घरून असलं तरी. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना बेसिक रजिस्ट्रेशन पुरायचं, फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर फॉर्म ए भरायचा आणि फी वर्षाला १०० रुपये. हो, शंभरच. एजंट मला अडीच हजार सांगत होता. त्याचं काम म्हणून तो मागतो, पण फॉर्म आपल्याला सहज भरता येतो, दुपारच्या निवांत वेळेत होतो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, आणि नक्की काय बनवणार ते पदार्थाच्या यादीतून निवडायचं. फाइल ठरलेल्या साइजपेक्षा मोठी असली की अपलोड होत नाही, आधीच लहान करून एका फोल्डरमध्ये ठेवा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म गेला आणि मी रोज सकाळी चहा घेता घेता स्टेटस बघायला लागले. नियमाप्रमाणे सात दिवसांत मंजुरी, नामंजुरी किंवा तपासणीची नोटीस येते. मला त्याच मुदतीत क्वेरी आली : लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, अर्ज माझ्या नावावर. त्यांनी साध्या कागदावर संमतीपत्र लिहून सही केली, ते जोडलं, पुन्हा वाट. क्वेरीचा मेल बघून पोटात गोळा आला होता खरं, काहीतरी मोठं चुकलंय असं वाटलं, पण क्वेरी म्हणजे नकार नाही, मागितलेला कागद द्यायचा आणि पुढे जायचं. तुमचं बिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतीपत्र आधीच जोडून टाका. मार्च संपायच्या आत १४ आकडी नंबर असलेलं सर्टिफिकेट डाउनलोड झालं. तपासणीला कोणी आलं नाही पण कधीही येऊ शकतात, त्यामुळे ओट्याच्या वर जाळी, झाकणाची कचरापेटी, केसांना टोपी, पिण्याच्या पाण्याचा रिपोर्ट हे सगळं मी तयार ठेवलं आणि अजूनही ठेवते. छोट्या उद्योगांसाठीचं उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, तेही त्याच आठवड्यात केलं. शॉप ॲक्टची (दुकान-आस्थापना कायद्याची) सूचना राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवर दिली, २०२३ मध्ये दहापेक्षा कमी माणसं असली की तेवढी पुरायची, आणि बँकेत करंट खातं उघडताना तोच कागद मागितला. जीएसटी ४० लाखांच्या आत आणि राज्यातल्या राज्यात माल विकायचा तर लागत नाही.

एप्रिलमध्ये लॅब. एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली बघा. मी दोन नमुने दिले, एक साधा सॉस आणि एक माझा लाडका कांदा-गाजर-लसूणवाला. पोषणमूल्यं आणि जंतूंची तपासणी मिळून दोन्हीचे नऊ हजारांच्या आसपास गेले, सगळ्या प्रकरणात मोठा खर्च हाच, त्यासाठी पैसे आधी बाजूला काढा. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. तिथल्या बाईंनी मला जे समजावून सांगितलं ते बरणीत काहीही भरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. ४.६ च्या वर गेलं की हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे, म्हणजे एका जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढून विष तयार करू शकतात, त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळतही नाही. टोमॅटो नेमका या रेषेवर असतो, जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे इकडेतिकडे. माझा साधा सॉस ४.३ आला आणि कांदा-गाजर-लसूणवाला ४.५२, म्हणजे एखाद्या गोड क्रेटने तो सहज रेषेपलीकडे गेला असता.

त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला विकायचा होता तो दुसराच. पण विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली की घरीसुद्धा मी सगळी मजा आयत्या वेळीच घालते, डब्यात असतो तो साधाच सॉस. मग बरणीत फक्त टोमॅटो, तेल, मीठ, बेसिल आणि सायट्रिक ॲसिड, आणि बरणीला दोऱ्याने बांधलेलं एक कार्ड, त्यावर लोणी-कांदा, अराबियाता, नोर्मा, मसूर, भोपळा हे सगळं कसं करायचं ते. ताजं घातलेलं ताजं लागतं आणि बरणी सुरक्षित राहते. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर जैन शेजारी आणि चातुर्मास पाळणारी घरंही घ्यायला तयार झाली, आणि त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा होता.

भरायची पद्धत अशी : ४०० ग्रॅमच्या बरणीत पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, वर उकळता सॉस, काठाखाली बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढी जागा सोडून, काठ पुसून झाकण. मग खाली कापड घातलेल्या मोठ्या पातेल्यात बरण्या पूर्ण बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात. समुद्रसपाटीजवळ ३५ मिनिटं सांगतात, पण पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी थोडं कमी तापमानाला उकळतं म्हणून ४० मिनिटं. खिशातला पीएच मीटर दीड हजाराला घेतला, प्रत्येक बॅच मोजून वहीत लिहिते, ४.२ च्या वर असेल तर ती बॅच विकत नाही, घरी वापरते. एवढं करूनही साध्या घरगुती झाकणांवर मी पूर्ण भिस्त ठेवत नाही, त्यामुळे लेबलवर फ्रिजमध्ये ३० दिवस, उघडल्यावर ५ दिवस असंच लिहिलंय. बरण्या रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाल्या, झाकणासकट २२ रुपयांना, डझनाच्या हिशोबात. झाकणं जास्तीची घ्या, ती पुन्हा वापरायची नाहीत.

लेबलला मे आणि जून गेला. पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीपर्यंत, सायट्रिक ॲसिड 'ॲसिडिटी रेग्युलेटर (आयएनएस ३३०)' असं, पोषणमूल्यांचा तक्ता, हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी नंबर, बॅच नंबर, तारखा, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि मेल. शिवाय प्रति ग्रॅम किंमत, म्हणजे ४०० ग्रॅमला २२० तर ०.५५ रुपये प्रति ग्रॅम. डिझाइनवाल्या मुलाला हे सगळं आधी कागदावर लिहून द्या, त्याने सुंदर लेबल केलं होतं पण अक्षरं इतकी बारीक की वाचता येईना, अक्षरांच्या उंचीचेही नियम आहेत. वजनमापाचं रजिस्ट्रेशन वेगळं, वैधमापन शास्त्र विभागाकडे, फी ५०० रुपये, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो.

आणि सगळं तयार झालं तेव्हा जुलै उजाडला. २०२३ चा जुलै आठवत असेल, नारायणगावच्या बाजारात २० किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. त्या भावाने एक बरणी मलाच दीडशेच्या पुढे पडली असती. मी थांबले. तयार लेबलांचा गठ्ठा कपाटात बघून जीव तुटायचा, पण त्या महिन्यात ज्या थोड्या शेतकऱ्यांकडे माल होता त्यांचं भलं झालं याचा आनंदही होता. मग सप्टेंबरमध्ये भाव इतका कोसळला की लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. त्या वेळी ओळखीतून जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याशी बोलणं झालं, मी बाजारापेक्षा थोडा जास्त पण वर्षभर एकच भाव देईन, त्यांनी मला पूर्ण पिकलेला, वेलीवर लाल झालेला माल द्यायचा. बाजारात पाठवायचा टोमॅटो हिरवट असतानाच तोडतात, त्यामुळे असा लाल माल त्यांनाही लांब पाठवता येत नाही. सॉसचा रंग आणि चव त्या दिवसापासून बदलली.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिली खरी बॅच भरली, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, त्याआधी सगळी संपली. तोपर्यंत बरण्या आणि कच्चा माल सोडून झालेला एकूण खर्च : सगळी रजिस्ट्रेशनं मिळून हजाराच्या आत, लॅब नऊ हजार, लेबल डिझाइन आणि छपाई साडेचार हजार, पीएच मीटर आणि तो बरोबर दाखवतोय का ते तपासायची बफर पावडर अठराशे. रजिस्ट्रेशनची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, मुदत संपायच्या ३० दिवस आधी रिन्युअल केलं नाही तर दिवसाला १०० रुपये लेट फी लागायची, म्हणजे वर्षभराची फी एका दिवसात. आणि मी सांगतेय ते सगळे आकडे २०२३ चे आहेत, फॉर्म भरण्याआधी पोर्टलवर चालू नियम बघा.

पेस्टो विकतेस का असं बरेच जण विचारतात. नाही विकत. बेसिल, लसूण आणि तेल, त्यात आंबट काहीच नाही, तो बरणीत ठेवायचा पदार्थच नाही. घरी केलात तर दोन-तीन दिवसांत संपवा किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, चीज न घालता, चीज वाढताना घाला. एक क्यूब गरम टोमॅटो सॉसमध्ये शेवटी टाकून बघा.